अर्धं कार्यालय

“अर्धंच?” आईनं कार्यालयाच्या दारातच विचारलं.

आम्ही साताऱ्याहून एसटीची खास गाडी करून कराडला आलो होतो. दारात नवरीचे वडील, पोरे आप्पा, गुलाबदाणी घेऊन उभे होते. कराडच्या स्टँडजवळ त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. त्या दिवशी स्वतः शिवलेला नवा कोट त्यांनी अंगात घातला होता आणि वैशाखाच्या उन्हात ते त्या कोटात उकडून निघाले होते.

“व्हय, विहीणबाई. तीथ मोठी आहे आज, सगळी कार्यालयं भरलीत,” आप्पा म्हणाले. “पण मधी पार्टिशन आहे. आपला भाग वेगळा, त्यांचा वेगळा. काय कळायचंसुद्धा न्हाई.”

“दारसुद्धा अर्धंच उघडलंय,” आई म्हणाली.

ते लोखंडी जाळीचं सरकतं दार गंजून मध्येच अडकलेलं होतं. त्यात कुणाचा काही दोष नव्हता. पण आप्पांनी गुलाबदाणी खाली ठेवली, दोन्ही हातांनी दार धरलं आणि फेटा कानावर येईपर्यंत ओढलं. दार हललं नाही. शेवटी अख्खा वरपक्ष एकेक करून त्या फटीतून आत गेला. आई सगळ्यात शेवटी, शालूच्या निऱ्या धरून, आडवी होऊन गेली. तो अपमान तिनं तिथंच मनात नोंदवून ठेवला, हे मला तिच्या नाकाकडे बघूनच कळलं.

लग्न माझ्या दादाचं, दिनकरचं. मी धाकटी बहीण, म्हणजे करवली. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात आईचा शब्द चालत होता. दादा वर्षभर कराडला एका कचेरीत कारकून होता आणि दर शनिवारी आगगाडीनं घरी यायचा. स्टेशनात तिकिटाच्या खिडकीमागे हेमलता पोरे बसायची. त्या काळी खिडकीमागे बाई बसलेली पाहायला माणसं उगाच रेंगाळायची. आमचा दादाही त्यातलाच. नको असलेली तिकिटंसुद्धा काढली त्यानं, असं तो स्वतःच हसत सांगायचा. पुढे साताऱ्याला बदली झाल्यावर त्यानं आईच्या मागे लकडा लावला आणि आम्ही रीतसर मुलगी बघायला गेलो.

पोरे आप्पांनी एकच गोष्ट मागितली होती. हेमलताची आई ती शाळेत असतानाच गेली होती. आप्पांनी मशीन चालवून पोरीला शिकवलं होतं आणि तिनं परीक्षा देऊन ती नोकरी मिळवली होती. “पोरीची नोकरी तेवढी राहू द्या. साताऱ्याला बदली मागून घेईल ती,” आप्पा म्हणाले होते. आई लगेच म्हणाली होती, “अहो, आमची काही ना नाही. चार शब्द शिकलेली सून घरात यायला नशीब लागतं.” त्यावर आप्पांचे डोळे भरून आले होते. पोह्यांची बशी हातात घेऊन मी ते बघितलं होतं आणि मला आईचा फार अभिमान वाटला होता.

ते पार्टिशन म्हणजे पातळ फळ्यांची एक लांबलचक घडी होती. फळ्या बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या, वर लोखंडी पट्टीत चाकं, खाली जमिनीत अडकवायचे खटके. ओढलं की फळ्या उलगडत जायच्या आणि एका कार्यालयाची दोन व्हायची. वर छतापाशी हातभर जागा मोकळी होती आणि खाली वीतभर. आम्हाला वेगळी खोली मिळाली नव्हती, म्हणून आमच्या गाद्या त्या फळ्यांना लागूनच घातल्या होत्या. पलीकडच्या लग्नाचा मुहूर्त सकाळचा होता. त्यांची मंगलाष्टकं आमच्याच डोक्यावर म्हटल्यासारखी ऐकू येत होती. त्यांच्या शेवटच्या ‘सावधान’ला आमच्या विठूमामानं सवयीनं मूठभर अक्षता उधळल्या. त्या गादीवर झोपलेल्या एका पाहुण्याच्या उघड्या तोंडात गेल्या. सगळे पोट धरून हसले. आईसुद्धा हसली. तोवर सगळं ठीक चाललं होतं.

मग पलीकडचं लग्न उरकलं. त्यांची पंगत मागच्या अंगणात बसली आणि त्यांचा भाग शांत झाला. आमचा मुहूर्त दुपारचा होता. आमच्याकडे काही काम नव्हतं. आणि काम नसलं की आमच्या घरातली माणसं बोलतात.

दादा पाटावर बसला होता आणि मी मागे उभी राहून त्याच्या मुंडावळ्या बांधत होते. मामानं सहज विचारलं, “काय गं, सूनबाईच्या बदलीचं काय झालं? कधी येणार साताऱ्याला?”

“कसली बदली?” आई वारा घेत म्हणाली. “राजीनामा द्यायचाय तिनं.”

“आँ? पण तू तर शब्द दिलास पोऱ्यांना.”

“द्यावा लागतो. तेव्हा नाही म्हटलं असतं तर दिली असती का त्यांनी पोरगी? हा हट्ट धरून बसला होता.” आईनं हातपंख्यानं दादाकडे खूण केली. “खिडकीत बसून दिवसभर परक्या पुरुषांशी बोलणारी सून मला नको. एकदा अक्षता पडू दे, मग पंधरा दिवसांत घरी बसवते की नाही बघ. बाप तरी काय करणार आहे तिचा? लग्न झालेल्या पोरीला परत नेणार आहे?”

मामाला ते पटलं नसावं. त्यानं दादाकडे बघितलं. “आणि दिनू, तुला चालंल हे?”

माझ्या हातात गाठ तशीच राहिली. मला खात्री होती, दादा काहीतरी बोलेल. ज्यानं त्या खिडकीसाठी नको असलेली तिकिटं काढली, तो काहीतरी बोलेलच.

दादा हसला. “आई, हळू बोल की जरा,” तो म्हणाला. “एकदा अंतरपाट खाली येऊ दे. मग काय म्हणायचं ते म्हण.”

सगळे हसले. मी गाठ मारली.

तेवढ्यात आईला आठवण झाली की नवरीला द्यायचा हिरवा शालू अजून आमच्याच ट्रंकेत आहे. “बेबी, जा, देऊन ये. आणि सांग, मुलाकडचाच नेसायचा. त्यांनी स्वतःचं काही काढलं असेल तर ठेवून द्या म्हणावं.”

नवरीला सैपाकघराशेजारच्या कोठीत बसवलंय, असं आम्ही सकाळी ऐकलं होतं. मी मागच्या पडवीनं तिकडे गेले. कोठी रिकामी होती. आचारी जिलब्या सोडत होता. तो झाऱ्यानंच खूण करून म्हणाला, “नवरीबाय त्या अंगाला गेल्या. म्यानेजरनं सांगितलं, तो भाग मोकळा झालाय, पंखा बी आहे, बसवा तिकडं पोरीला.”

मी पलीकडच्या भागात शिरले. जमिनीवर आधीच्या लग्नाच्या अक्षता आणि चुरगळलेली फुलं पडली होती. सगळा हॉल रिकामा. फक्त पार पलीकडे, पंख्याखाली, फळ्यांना अगदी लागून गौरीहार मांडला होता. लग्नाआधी नवरीनं पिवळी साडी नेसून तिथं एकटीनं बसायचं, गौरीला चिमूट चिमूट तांदूळ वाहायचे आणि तिचा मामा न्यायला येईपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही, अशी रीत आहे. हेमलता तशीच बसली होती. शेजारी तिची आत्या. आत्याच्या तोंडाला पदर होता.

मी जवळ गेले. तेवढ्यात फळ्यांपलीकडे विठूमामा खोकला. माझ्या कानात खोकल्यासारखा. खालच्या फटीतून दादाचे नवे पांढरे मोजे दिसत होते.

अशा वेळी जे वाटतं ते सांगायला शब्द नसतात असं लोक म्हणतात. माझ्याकडे आहे शब्द. लाज वाटली. पायापासून वरपर्यंत, कानाच्या पाळ्या तापल्या इतकी. हातातल्या शालूचीसुद्धा लाज वाटली.

“बसा,” हेमलता हळू म्हणाली. तिच्या चिमटीत तांदूळ होते. “एक विचारू? शेवटी बोलले ते कोण? अंतरपाट खाली येऊ दे म्हणाले, ते.”

“हेमे,” आत्या कुजबुजली, “गौरीहारावर बोलू नये गं.”

“थांब, आत्या.”

मामाचं नाव घेता आलं असतं. मामा म्हातारा, तोंडाचा मोकळा. त्याला सगळ्यांनी माफ केलं असतं आणि तासाभरात लग्न लागलं असतं. हे सगळं मला तेव्हाही सुचलं होतं. पण ती माझ्याकडे बघत होती. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. नुसती वाट बघत होती.

“दादा,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. “मला वाटलंच. खिडकीच्या काचेवर बाहेरचा उजेड पडतो, समोरच्याचं तोंड नीट दिसत नाही. आवाजावरूनच ओळखायची सवय लागते. तुमच्या दादांचा आवाज तर मला गर्दीतसुद्धा कळायचा.” जरा थांबून ती म्हणाली, “पण म्हटलं, आपलीच काही चूक होत असेल. व्हावी, असं वाटलं.”

मग तिनं हातातले तांदूळ परत ताटलीत ठेवले आणि ती उठली. आत्यानं तिचा पदर धरला, तो तिनं सोडवला. खाली वाकून तिनं जमिनीतला खटका वर ओढला आणि फळी धरून पार्टिशन सरकवलं.

त्या चाकांचा आवाज मला अजून ऐकू येतो. कित्येक वर्षांत तेल न घातलेली चाकं होती ती. सगळं कार्यालय त्या आवाजाकडे वळलं. एकेक फळी दुमडत गेली आणि आमचं घर दिसायला लागलं. पाय पसरून बसलेली आई. बनियनवर पंख्याखाली लवंडलेला मामा. पाटावर दादा, मुंडावळ्या बांधलेला, तोंडात विडा. हसू अजून पुरतं उतरलंही नव्हतं त्यांच्या चेहऱ्यावरून. ती पिवळ्या साडीत समोर उभी आणि तिच्यामागे मी, आमच्याच ट्रंकेतला शालू छातीशी धरून.

“दिनकरराव,” हेमलता म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “मी एकदाच विचारते. लग्नानंतर मी नोकरी करायची का नाही?”

दादानं विडा गिळला. तिच्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. “आता हा विषय कशाला?” तो म्हणाला. “चारचौघांत... आई काय म्हणेल तसं करू ना.”

“पार्टिशनला कान लावून ऐकायची ही रीत कुठली?” आई उसळली. पाय मात्र तिनं पटकन जवळ घेतले होते. “गौरीहारावरून उठलेली नवरी मी जन्मात बघितली नाही!”

बोहल्याकडून पोरे आप्पा धावत आले. काय झालंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की पोरगी उठून उभी आहे आणि विहीण ओरडते आहे. त्यांनी आईपुढे हात जोडले. “काय चुकलं आसंल तर पदरात घ्या, विहीणबाई. आई न्हाई तिला. लेकरू आहे.”

आम्ही खोटं बोललो होतो आणि हात ते जोडत होते. ते जोडलेले हात तिथल्या तिथं खाली करायला आमच्यातलं एकही माणूस पुढे झालं नाही.

मग आप्पांनी जे केलं, ते आठवलं की मला आजही डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. त्यांनी त्या फळ्या धरल्या आणि पार्टिशन ओढून लावायला सुरुवात केली. जणू ते पुन्हा लागलं की झालेलं सगळं मिटेल, पोरगी गौरीहारावर जाऊन बसेल आणि आम्ही इकडे हसत बसू. ते ओढत होते, फळ्या अर्ध्यावर येऊन अडकत होत्या, ते पुन्हा ओढत होते. नव्या कोटाची काखेतली शिवण उसवली.

“आप्पा, राहू दे,” हेमलता त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाली. “ते आता लागत नाही.” आणि दादाकडे न बघता म्हणाली, “अंतरपाट धरायला नको. भटजींना सांगा.”

आम्ही निघालो. निघालो म्हणजे काय, गाडीत जाऊन बसलो. ड्रायव्हर कुठेतरी सावलीला गेला होता, तो सापडेना. भर उन्हात तापलेल्या गाडीत अख्खं वऱ्हाड घाम पुसत बसलं होतं आणि नवरदेव खिडकीशी, मुंडावळ्यांसकट. त्या सोडायच्या कुणालाच सुचलं नाही. गाठ मी मारली होती, पण माझाही हात होईना.

तेवढ्यात आप्पा येताना दिसले. डोक्यावर मोठी वेताची टोपली. आई म्हणाली, “आला बघ समजूत काढायला. कुणी बोलू नका.”

आप्पांनी समजूत काढली नाही. टोपली त्यांनी गाडीच्या दारातून आत सरकवली आणि पहिल्या बाकावर मी होते, म्हणून मला म्हणाले, “बेबीताई, जेवण सगळं झालं होतं तयार. पोरंबाळं आहेत गाडीत, उपाशी जाऊ नका. टोपली सरळ धरा, जिलबीचा पाक सांडंल.” टोपलीवर एक पांढरं स्वच्छ कापड बांधलं होतं. मी त्याकडे बघते आहे असं पाहून ते म्हणाले, “दुसरं हाताशी काय घावलं न्हाई. आता ते कशाला लागतंय?”

तो अंतरपाट होता. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी स्वतः शिवलेला. कडेनं लाल किनार आणि मधोमध लाल कापडाचं स्वस्तिक, इतक्या बारीक टाक्यांनी बसवलेलं की टाका दिसत नव्हता.

उंब्रज येईपर्यंत आईनं माझ्याकडून फळ्यांपलीकडचं सगळं बोलणं काढून घेतलं. मग आई मागून म्हणाली, “तुला विचारलं तिनं, तर मामाचं नाव घ्यायचं होतंस. मामाचं काय बिघडणार होतं?”

“व्हय की पोरी,” मामा म्हणाला. “माझं घ्यायचं. मी काय, पिकलं पान.”

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. थोड्या वेळानं एक लहान मूल भुकेनं रडायला लागलं आणि आई म्हणाली, “टोपली उघड.”

मी गाठ सोडली. पुऱ्या होत्या, मसालेभात होता, जिलब्या अजून गरम होत्या. आम्ही खाल्लं. सगळ्यांनी खाल्लं. दादानं मुंडावळ्या दोन्ही कानांमागे सारल्या आणि जिलबी खाल्ली, दुसरी मागून घेतली. मलाही भूक लागली होती. मीही खाल्लं. आईनं बोटं चाटली आणि म्हणाली, “जिलबी बरी जमलीय त्यांच्या आचाऱ्याला.”

आळीत आईनं सांगितलं की मुलीचं वागणं बरं दिसेना, म्हणून आम्हीच मोडलं. टोपली माळ्यावर गेली. कापड मात्र आईच्या नजरेत भरलं होतं. “एवढं चांगलं कापड बोहारणीला द्यायचं का?” म्हणून तिनं ते धुतलं आणि स्वस्तिक उसवायला बसली. टाके इतके घट्ट होते की कापडच फाटेल असं दिसलं. तेव्हा तिनं वर दोरी ओवून सैपाकघराच्या दाराला त्याचा पडदा केला. स्वस्तिकाची बाजू आत, कोरी बाजू बाहेर. बैठकीत बसलेल्या पाहुण्यांना पांढरा पडदा दिसायचा. आम्ही भाकऱ्या थापत बसायचो ते स्वस्तिकासमोर.

पुढच्या वर्षी दादाचं लग्न झालं. वहिनी वाईची, बालवाडीत शिकवायची. साखरपुड्यात तिच्या वडिलांनीही तेच विचारलं आणि आईनंही तेच सांगितलं. या खेपेला कार्यालय मात्र अख्खं होतं. मी तिथंच पेढे वाटत होते. मला कुणी काही विचारलं नाही. लग्नानंतर महिन्याभरात वहिनीची शाळा सुटली आणि त्या पडद्याच्या आत भाकऱ्या थापायला आम्ही दोघी झालो. मोडलेल्या लग्नाचं आमच्या घरात नावही निघत नसे. वहिनीपुढे तर नाहीच.

मग मला बघायला फलटणचे पाहुणे आले. मी ट्रे घेऊन पडद्यामागे उभी होते, वहिनी शेजारी बशांमधल्या पोह्यांवर खोबरं भुरभुरत होती. बाहेर मुलाची आई म्हणत होती, “नोकरी करायची असेल तर करू दे हो, आमची काही ना नाही.” आई म्हणाली, “वा, वा.” मुलाच्या आईला बोलायला काहीतरी हवं होतं. ती म्हणाली, “पडदा किती सुबक शिवलाय! कुणी शिवला?”

“घरीच,” आई म्हणाली.

स्वस्तिक माझ्या नाकासमोर होतं.

“कराडच्या पोरे टेलरांनी शिवलाय,” मी आतूनच मोठ्यानं म्हणाले. “आमच्या दादाच्या लग्नासाठी.”

माझ्या शेजारी खोबरं भुरभुरणारा हात थांबला.

“कुठलं लग्न?” वहिनीनं विचारलं.